गाडीची काच दारात का पडते?

पावसाळ्यातील सकाळ. सोसायटीच्या फाटकाशी गाडी थांबते. पहारेकऱ्याला दोन शब्द सांगण्यासाठी चालक बटण दाबून काच खाली घेतो आणि बोलणे झाल्यावर ती वर करू पाहतो. दाराच्या पोटात 'खट्ट' असा आवाज होतो, काच एका बाजूला कलते आणि बघता बघता दारात दिसेनाशी होते. बटण पुन्हा दाबले तर आतली मोटर गुणगुणते, काच मात्र वर येत नाही. आभाळ भरून आलेले, गाडी रस्त्यावर उभी आणि खिडकी सताड उघडी. शहरात पाच-सात वर्षे गाडी वापरलेल्या अनेकांना हा प्रसंग नवा नाही.

गाडी गॅरेजात गेली की पुष्कळदा ठरावीक निदान ऐकू येते, 'मोटर गेली साहेब, पूर्ण सेट बदलावा लागेल.' मोटरीसह अख्ख्या सेटची किंमत ऐकून मालकाच्या कपाळावर आठ्या पडतात. पण पॉवर विंडोच्या पोटात काय असते याची कल्पना नसल्यामुळे तो मान डोलावतो. मोटर खरोखर गेली असती तर बटण दाबल्यावर ती गुणगुणली कशी असती, हा साधा प्रश्न त्या घाईत कोणालाच सुचत नाही. दारात पडलेल्या काचेच्या बाबतीत बहुतेक वेळा मोटर शाबूत असते आणि काचेलाही काही झालेले नसते. तुटलेला असतो तो या दोघींना जोडणारा दुवा. तो कधी बोटभर लांबीचा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, कधी पोलादी तारेचा एखादा पीळ, तर कधी नुसता सैल झालेला बोल्ट.

बटणावर चालणाऱ्या काचेचा इतिहास जुना आहे. १९४० साली अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने आपल्या आलिशान गाड्यांत अशा काचा दिल्या, तेव्हा त्या द्रवाच्या दाबावर चालत. पुढे प्रत्येक दारात विजेची स्वतंत्र मोटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती हँडल फिरवून वरखाली होणाऱ्या काचा घेऊनच, आणि एका पिढीचे हात त्या हँडलवरच घडले. १९९१ नंतर नवनव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या. आधी पुढच्या दोन दारांना आणि मग चारही दारांना बटणे आली. हँडलच्या काळात काच अडकू लागली की ते हाताला आधीच कळत असे. हँडल जड लागे, माणूस सावध होई. बटणाने ही जाणीव हिरावून घेतली. मोटर मुकाट्याने जास्त जोर लावत राहते आणि दुवा तुटेपर्यंत चालकाला काही कळत नाही.

दार ही पत्र्याची पोकळ पेटी आहे असे समजावे. तिच्यात काच उतरते आणि तिला वरखाली करणारी यंत्रणा बसवलेली असते. कंपनीच्या भाषेत तिला रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजात तीच 'काचेची मशीन' होते. तिचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला कात्रीचा. एकमेकांना छेदणारे दोन पोलादी दांडे आणि दातेरी पट्टी यांच्या आधारे काच उचलली जाते. हा प्रकार वजनदार आणि दणकट असतो. वर्षानुवर्षे टिकतो, कुरकुरतो, पण सहसा एकाएकी दगा देत नाही. दुसरा तारेचा. दारात एक किंवा दोन उभ्या पट्ट्या, त्यांवरून सरकणारे प्लॅस्टिकचे सरकते तुकडे, आणि मोटरीवरील छोट्या फिरकीभोवती गुंडाळून त्या तुकड्यांना खेचणारी पोलादी तार. हलका आणि स्वस्त असल्याने हल्लीच्या बहुसंख्य गाड्यांत हाच आढळतो. दारात पडणाऱ्या काचांच्या तक्रारी जास्त येतात त्याही याच प्रकारातून.

दोन्ही प्रकारांत मोटरीची रचना सारखीच असते. १२ व्होल्टवर चालणारी ही छोटी मोटर वेगाने फिरते. तिच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला सावकाश फिरवतात. यात एक गंमत आहे. आटे चाकाला फिरवू शकतात, चाक मात्र आट्यांना उलटे फिरवू शकत नाही. म्हणूनच बटण सोडल्यावर, विजेचा थेंबही खर्च न होता, तीन-चार किलोंची काच असेल तेथे थांबून राहते. वरून हाताने दाबली तरी ती खाली जात नाही. ज्या गाडीची काच तळहाताने रेटताच खाली घसरते, तिच्यातील दुवा सुटला आहे किंवा सुटण्याच्या बेतात आहे, असे खुशाल समजावे. अशी गाडी रात्री रस्त्यावर उभी करणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखेच आहे.

काच त्या सरकत्या तुकड्यावर बसते कशी, हाच या साऱ्या प्रकरणातला नाजूक भाग. काही गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला भोके असतात आणि त्यांतून बोल्ट जातो. काहींत काच एका चिमट्यात घट्ट धरलेली असते. जुन्या काही रचनांत काचेची खालची कड रबराच्या पट्टीसह लोखंडी खोबणीत ठोकून किंवा चिकटवून बसवलेली असते. बोल्ट सैल झाला, चिमट्याचे प्लॅस्टिक तडकले किंवा खोबणीतील रबर सुकून सुटले, की काच हलू लागते. सुरुवातीला ती नुसती खुळखुळते. अर्धी उघडी ठेवून खड्ड्यातून गाडी गेली की दारातून आवाज येतो, वर जाताना एक कोपरा मागे राहतो, शेवटची दोन बोटे वर जायला काच कुरकुरते. ही पूर्वसूचना महिना-दोन महिने मिळत असते. आपल्या वाहनधारकांचा स्वभाव असा की गाडीचा रेडिओ मोठा केला म्हणजे आवाज गेला!

प्लॅस्टिक तुटण्याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीचे दार आतून तापते, वर्षानुवर्षांच्या या तापण्या-निवण्यात प्लॅस्टिक ठिसूळ होत जाते. काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांत, ज्यांना गॅरेजात बीडिंग म्हणतात, धूळ साचते. त्यावर पावसाचे पाणी पडून सुकले की खाच खरखरीत होते. काच वर ओढायला मोटरीला जास्त जोर लागतो, तो सारा ताण तारेवर आणि त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर येतो. काच पूर्ण वर गेल्यावरही बटण दाबून धरण्याची सवय अनेकांना असते, तिने हा ताण वाढतो. सर्वांत वाईट म्हणजे काच अर्धी खाली असताना दार जोरात आपटणे. पूर्ण वर गेलेल्या काचेला तीन बाजूंनी रबराचा आधार असतो. अर्ध्यावर असलेल्या काचेचा बहुतेक भार मात्र खालच्या चिमट्यावरच असतो, आणि दार आपटले की सगळा हिसका त्यालाच बसतो.

चारही काचांत चालकाची काच सर्वांत आधी का जाते, याचे उत्तरही यातच आहे. सोसायटीचे फाटक, पार्किंगची पावती, पत्ता विचारणे, टोल, सिग्नलवरचा गजरेवाला, या सर्वांसाठी तीच एक खाली होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून द्रुतगती मार्गावरचे तिचे काम कमी झाले, पण शहरातले काही कमी झालेले नाही.

हा दोष नेहमी मालकाच्या हयगयीचाच असतो असेही नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फ आणि जेटा या गाड्या जगभर नावाजल्या गेल्या, पण त्यांच्या काचा दारात पडण्याचा प्रकार इतका सर्रास झाला की तो त्या गाड्यांची ओळखच बनला. काचेला धरणारी क्लिप प्लॅस्टिकची होती आणि ती तुटत होती. अमेरिकेत कंपनीला या भागाची हमी वाढवून द्यावी लागली आणि बदली भागांत प्लॅस्टिकच्या जागी धातूची क्लिप आली. नावाजलेल्या कारखान्यालाही एका क्लिपने जेरीस आणले, हे लक्षात ठेवले म्हणजे आपल्या गाडीची काच पडली तर ओशाळण्याचे कारण उरत नाही.

आवाजावरून निदान

दार उघडण्यापूर्वी निम्मे निदान कानांनी होते. मोटरीचा आवाज नेहमीसारखा येतो पण काच हलत नाही, याचा अर्थ मोटर चालू आहे आणि तार किंवा क्लिप तुटली आहे. आवाजात मधूनच कडकड किंवा तडतड ऐकू येत असेल तर तारेचे पीळ उसवून फिरकीत गुंतले आहेत असे समजावे, आणि बटण दाबण्याचा मोह टाळावा. काच वर जाते पण तिरकी होऊन अडते, तेव्हा दोन आधारांपैकी एक सुटलेला असतो. काच सरळ पण अतिशय संथपणे वर जाते, तेव्हा दोष बहुधा रबरी खाचांत असतो आणि तो स्वच्छतेने जाऊ शकतो.

आवाजच येत नसेल तर प्रकरण विजेचे. अशा वेळी आधी चालकाच्या दारावरील ते छोटे कुलूपबटण पाहावे, जे दाबले की इतर दारांची बटणे निकामी होतात. हे बटण चुकून दाबले गेल्यामुळे गाडी गॅरेजात नेणारे लोक आहेत, आणि त्यांना हसणारे मेकॅनिकही आहेत. त्यानंतर फ्यूज. काचेच्या फ्यूजची क्षमता साधारणतः २० ते ३० अँपिअर असते. तो जळला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा नवा लावावा, मोठा लावू नये. एखादी काच चालकाच्या बटणाने हलत नाही पण तिच्याच दारावरील बटणाने हलते, तर दोष बटणाचा. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बिजागरीजवळ काळ्या रबराची नळी दिसते, तिच्यातून दाराच्या तारा जातात. दार हजारो वेळा उघडल्या-मिटल्याने त्या आत तुटतात. दार थोडे पुढेमागे करून बटण दाबले असता काच मधूनच चालली, तर मोटर बदलण्याआधी ही नळी तपासून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. सारखी वरखाली केल्याने मोटर तापली की तिच्यातील संरक्षक व्यवस्था तिला काही वेळ बंद ठेवते. लहान मुलांनी बटणाशी खेळ केल्यावर काच 'बिघडते' आणि पंधरा मिनिटांनी आपोआप 'दुरुस्त' होते, त्यामागचे रहस्य हेच.

वाटेत काच पडली तर

प्रवासात काच दारात पडली तर पहिला नियम म्हणजे बटणाला हात न लावणे. सुटलेली तार फिरकीत गुंतली की शाबूत असलेले भागही मोडतात. काचेची वरची कड दाराच्या फटीतून दिसत असेल तर दोन्ही तळहात काचेच्या आतबाहेर सपाट ठेवून, दोन्ही टोके सारखी ठेवत तिला हळूहळू वर घ्यावे. एकाने काच धरावी आणि दुसऱ्याने रुंद चिकटपट्टी आतून वर नेऊन दाराच्या चौकटीवरून बाहेरच्या बाजूला उतरवावी. अशा तीन-चार पट्ट्या पुरतात. पावसात ओल्या काचेवर पट्टी चिकटत नाही, म्हणून आधी ती कोरडी पुसून घ्यावी. काच आणि दार यांच्या फटीत लाकडाची पातळ पाचर ठोकण्याचा उपाय सांगितला जातो. तो बेताने करावा, कारण काच कडेला मिळालेला टोला सहन करत नाही.

हा कडेचा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. बाजूच्या खिडकीची काच साधारणतः टफन्ड म्हणजे विशेष कठीण केलेली असते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने ती एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग ताठ दाबाखाली राहतो आणि मधोमध बसलेला धक्का ती सोसते. कडेवर टोकदार घाव बसला की मात्र क्षणात तिचे बोथट तुकडे होऊन खाली सांडतात. याच कारणाने या काचेला नंतर भोक पाडता येत नाही आणि तिची कड घासून लहान करता येत नाही. बोल्टच्या भोकाजवळ टवका उडाला असेल तर काच बदलण्याखेरीज इलाज नाही.

दार उघडल्यावर

काम जाणणारा मेकॅनिक तासा-दोन तासांत ही दुरुस्ती करतो, आणि हौशी मालकालाही ती घरी करता येते. बॅटरीची ऋण वायर आधी सोडावी. दाराच्या आतील बाजूचे आवरण, म्हणजे डोअर पॅड, काही स्क्रूंनी आणि कडेच्या प्लॅस्टिक क्लिपांनी बसवलेले असते. स्क्रू हात टेकण्याच्या जागेखाली, दार उघडण्याच्या कडीमागे आणि आरशामागच्या त्रिकोणी झाकणाखाली लपलेले असतात. ते सर्व सापडल्याशिवाय पॅड ओढले की ते तडकते. पॅड निघण्यास नकार देत असेल तर एक स्क्रू राहिला आहे, हे ओघाने आलेच. क्लिपा प्लॅस्टिकच्या पाचरीने एकेक करून सोडवाव्यात, पॅड वर उचलून काढावे आणि मागच्या बटणांच्या वायरी सोडवाव्यात. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगचा संवेदकही असतो. अशा गाडीचे दार घरी न उघडता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावे.

पॅडच्या मागे काळ्या चिकट पदार्थाने डकवलेली प्लॅस्टिकची पातळ शीट असते. घाईत असलेला कारागीर ती ओरबाडून काढतो आणि काम झाल्यावर गुंडाळून कचऱ्यात टाकतो. बहुतेक मालकांना याचा पत्ताही लागत नाही. पुढच्या पावसात मात्र चालकाच्या पायाखालची चटई ओली होऊ लागते आणि गाडीत कुबट वास येतो. मग छत गळते की काचेचे रबर गेले, याचा शोध सुरू होतो. खरी गोष्ट अशी की गाडीचे दार पाणी अडवण्यासाठी बनवलेलेच नसते. काचेवरून ओघळणारे पाणी बाहेरच्या रबर पट्टीला चुकवून दारात शिरणार, हे गृहीत धरून ते बांधलेले असते. ते पाणी आतल्या आत खाली उतरावे आणि दाराच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर जावे, अशी योजना असते. आत गेलेले पाणी प्रवाशांकडे येऊ न देणे हे त्या क्षुल्लक दिसणाऱ्या शीटचे काम. मुंबई-कोकणातील पावसाचा विचार करता, शीट जशीच्या तशी परत बसली की नाही हे पाहणे मशीन बदलण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दार उघडलेच आहे तर तळाची भोके चिखलाने बुजली नाहीत ना, हेही काडीने तपासावे. बुजलेल्या भोकांमुळे दारात पाणी साचते, खालचा पत्रा आतून गंजतो आणि चालताना दारातून डबडब आवाज येतो.

शीटच्या मागे पत्र्यात मोठी भोके असतात, त्यांतून हात घालून काम करावे लागते. या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत. काच वर उचलून चिकटपट्टीने चौकटीला बांधून ठेवली की हात मोकळे होतात. आता खरा दोषी दिसतो. नुसता बोल्ट सैल झाला असेल तर खर्च फक्त मजुरीचा. खोबणीतून काच सुटली असेल तर नवी रबर पट्टी किंवा काचेसाठीचे योग्य चिकटद्रव्य वापरून ती पुन्हा बसवता येते. घरातला झटपट चिकटणारा डिंक येथे टिकत नाही, उन्हाने तो आठवड्याभरात सुटतो. क्लिप तुटली असेल आणि ती सुटी मिळत असेल तर तेवढीच बदलावी. तारेचे मात्र तसे नाही. दुचाकीच्या ब्रेकची तार घालून मशीन पुन्हा चालू करणारे कुशल कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या कसबाचे कौतुक करावे तेवढे थोडे. तरीही तार एकदा उसवली म्हणजे फिरकी आणि पट्ट्याही झिजलेल्या असतात, आणि ही डागडुजी सहसा फार काळ टिकत नाही. तार तुटल्यावर मशीन नवे घ्यावे, मोटर मात्र तीच ठेवावी. अनेक गाड्यांत मोटर तीन-चार स्क्रूंनी मशीनला जोडलेली असते आणि ती वेगळी करता येते. 'मोटरीशिवाय नुसते मशीन मिळेल का?' हा एक प्रश्न विचारला तरी बिलात मोठा फरक पडतो.

जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळवण्यासाठी मुंबईकर कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतात, इतर शहरांतही असे बाजार आहेत. भंगारातील गाडीतून काढलेली मोटर घ्यायला हरकत नाही, कारण ती जागेवरच बॅटरी लावून चालवून पाहता येते. पण दुसऱ्या गाडीतून काढलेल्या मशीनचे प्लॅस्टिक आपल्या मोडलेल्या प्लॅस्टिकच्याच वयाचे असते, हे विसरू नये. आणि डाव्या दाराचे मशीन उजव्याला चालत नाही.

नवे मशीन बसवताना बोल्ट आधी हलकेच आवळावेत. काच पूर्ण वर नेऊन ती रबराच्या खाचेत आपली जागा घेते की नाही ते पाहावे, आणि मगच बोल्ट पक्के करावेत. उलट क्रमाने केले तर काच कायमची तिरकी राहते, मोटर तिला जबरदस्तीने ओढते आणि नवी क्लिपही जुनीच्या वाटेने जाते. काच धरणारा बोल्ट अति आवळला तर काच तडकू शकते. मशीनच्या पट्ट्यांना ग्रीस लावावे, पण रबरी खाचांना ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही लावू नये. त्याने रबर फुगते, मऊ पडते आणि धूळ धरून ठेवते. त्यासाठी सिलिकॉनचा फवारा मिळतो. आधी ओल्या फडक्याने खाच पुसून, ती सुकल्यावर तो मारावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, एवढे केले तरी मशीनचे आयुष्य वाढते.

एका स्पर्शात पूर्ण वर जाणाऱ्या काचांच्या बाबतीत एक काम उरते. बॅटरी सोडल्यामुळे किंवा मशीन बदलल्यामुळे, काच कोठे थांबायची हे गाडी विसरते. ती मधेच थांबते किंवा वर जाऊन पुन्हा खाली येते आणि नवीन मशीन खराब निघाले असा समज होतो. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवले की गाडीला आपली हद्द पुन्हा कळते. नेमकी रीत गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते.

बाहेर पडण्याची वाट

काचेच्या दुरुस्तीचा विचार केवळ सोयीच्या अंगाने करून चालत नाही. वर जाणाऱ्या काचेत मुलाचा हात किंवा मान अडकण्याचे अपघात जगभर घडले आहेत. खिडकीतून डोके बाहेर काढलेल्या मुलाचा गुडघा दारावरील बटणावर पडे आणि काच वर येई. अमेरिकेत २००४ साली नियम बदलून अशा बटणांची रचना बदलण्यास सांगण्यात आले. काच वर नेण्यासाठी बटण बोटाने ओढून उचलावे लागते ते या विचारातून. स्वयंचलित काचेला अडथळा लागला तर १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण दहा किलो वजनाच्या दाबापेक्षा, जास्त जोर लागण्याआधी तिने मागे फिरावे, असा दंडक युरोप आणि अमेरिकेतील नियमांत आहे. ही सोय सर्व गाड्यांत नसते. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांत ती असली तरी फक्त चालकाच्या काचेला असते. म्हणून दुरुस्तीनंतर गुंडाळलेला टॉवेल मधे धरून ती तपासून पाहावी. या तपासणीसाठी स्वतःचा हात वापरू नये.

दुसरी बाजू पुराची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या दिवशी बंद गाड्यांत अडकून काही जणांचे प्राण गेले. पाणी चढू लागले की बाहेरच्या दाबामुळे दार उघडत नाही. पाणी काचेच्या उंचीपर्यंत आले की तोच दाब काचेला रबरावर दाबून धरतो आणि मोटरीला ती ओढता येत नाही. यंत्रणेत पाणी शिरल्यावर वीज किती वेळ टिकेल याचाही भरवसा नसतो. म्हणून गाडी पाण्यात अडकल्याचे कळताच, फोन लावण्याआधी, पट्टा सोडून काच खाली घ्यावी आणि मुलांना आधी बाहेर काढावे. काच उघडली नाही तर टोकदार हातोडीने तिच्या कोपऱ्यावर घाव घालावा. ही छोटी हातोडी डिकीत नव्हे, चालकाच्या हाताशी असावी. सीटवरचे हेडरेस्ट काढून काच फोडण्याचा सल्ला फिरत असतो, पण हेडरेस्ट त्या कामासाठी बनवलेले नसते. अलीकडच्या काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही पुढच्या काचेसारख्या लॅमिनेटेड असतात आणि त्या हातोडीने फुटत नाहीत. आपल्या काचेच्या कोपऱ्यातील छापील खूण वाचून ते आधीच माहीत करून घ्यावे.

चिकटपट्टीने बांधलेली किंवा पाचर ठोकून वर अडकवलेली काच महिनोन्‌महिने तशीच ठेवणारे लोक शहरात कमी नाहीत. 'ती खिडकी आपण उघडतच नाही,' असे त्यांचे म्हणणे असते. पुराच्या पाण्यात याचा अर्थ गाडीतून बाहेर पडण्याची एक वाट आपल्याच हाताने बंद करून ठेवली, असा होतो.

गाडी गॅरेजातून ताब्यात घेताना बिल चुकवण्याआधी पाच मिनिटे दाराशी उभे राहावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. तुटले काय होते हे तो हातात घेतल्यावर कळते. काच तीनदा पूर्ण वरखाली करून तिची दोन्ही टोके एकाच वेळी वर पोहोचतात का ते पाहावे. मग ती अर्ध्यावर थांबवून दार नेहमीच्या जोराने बंद करावे आणि ऐकावे. दारातून खुळखुळ आली तर एखादा बोल्ट अजून सैल आहे, किंवा एखादा स्क्रू दाराच्या तळाशी पडून राहिला आहे. पॅड त्याच वेळी पुन्हा काढायला सांगावे.